बाहेरून परीक्षा : मुरूड ते सुरगाणा

१/
११ मार्च २०१८ ची रात्र. नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा पायी मोर्चा सहा दिवस चालून मुंबईत सोमय्या मैदानावर विसावला होता. सुरगाणा, कळवण, पेठ, दिंडोरी या तालुक्यांतील आदिवासी कुटुंबे त्यात मोठ्या संख्येने होती. वनजमिनीचे पट्टे आपल्या नावावर व्हावेत, नार-पारचे पाणी परस्पर गुजरातकडे वळवू नये, अशा त्यांच्या मागण्या. आझाद मैदान अजून काही तासांच्या वाटेवर होते. परंतु दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी रस्ते अडले तर मुले परीक्षाकेंद्रावर वेळेत पोहोचणार नाहीत, असा विचार झाला आणि पायांना फोड आलेली ती माणसे रात्रीच पुन्हा उठली. पहाटेपर्यंत ती आझाद मैदानावर पोहोचली होती.

२/
नाशिक ते मुंबई हे अंतर साधारण १८० किलोमीटर. हा आकडा लक्षात असू द्या. या धाग्यात तो पुन्हा भेटेल. ज्यांच्यापैकी अनेकांनी स्वतः दहावीचा उंबरा ओलांडला नसेल, त्या माणसांनी दुसऱ्यांच्या मुलांच्या दहावीसाठी एक रात्र चालून काढली. दहावीच्या परीक्षेला आपल्या समाजात असे वजन कशामुळे आले, आणि जे मूल शाळेच्या वर्गात बसलेच नाही त्याने ही परीक्षा द्यायची कशी, हा आजचा विषय. आपल्याकडे त्याला एक जुना शब्दप्रयोग आहे : ‘बाहेरून बसणे’.

३/
आधी दोन शब्दांचा घोळ मिटवू. पुण्यामुंबईतील एखादे सुशिक्षित जोडपे आपल्या मुलीला शाळेतून काढून घरी शिकवते, तेव्हा आपण त्याला ‘होमस्कूलिंग’ म्हणतो आणि कुतूहलाने पाहतो. सुरगाण्याच्या पाड्यावरचा मुलगा आईबापांबरोबर मजुरीला जातो, मधल्या वेळात थोरल्या बहिणीच्या पुस्तकांतून शिकतो, तेव्हा त्याची नोंद ‘शाळाबाह्य’ अशी होते. एकीकडे निवड आहे, दुसरीकडे नाइलाज. हा फरक मोठा आहे आणि तो पुसण्याचा माझा हेतू नाही. परंतु सोळाव्या वर्षी ही दोन्ही मुले एकाच खिडकीपाशी येऊन उभी राहतात. त्या खिडकीचा इतिहास दोघांचा सामाईक आहे.

४/
तो सुरू होतो १८ जुलै १८५७ ला, मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेपासून. हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे राहिले, म्हणजे शिकवणारी संस्था म्हणून नव्हे, परीक्षा घेणारी संस्था म्हणून. पहिली काही दशके विद्यापीठ म्हणजे नियम, परीक्षक, प्रश्नपत्रिका आणि प्रमाणपत्रे. शिकवणे हे इतरांचे काम. १८५९ साली पहिली प्रवेश परीक्षा झाली, ती पुढे ‘मॅट्रिक’ या नावाने घराघरांत पोहोचली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतील.

५/
शिकवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा, ही कल्पना आज आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे नावीन्य जाणवत नाही. पाठशाळेत शास्त्रीबोवाच शिकवीत आणि विद्यार्थी तयार झाला हे तेच सांगत. आता गुरूच्या शब्दाला किंमत उरली नाही. तिऱ्हाइताने काढलेला पेपर आणि त्याने दिलेले गुण यांना आली. या व्यवस्थेचे तोटे पुष्कळ सांगता येतील. पण तिच्या पोटात एक शक्यता दडलेली होती : तपासणारा जर तिऱ्हाईत असेल, तर विद्यार्थी कुठे शिकला याच्याशी त्याला काय कर्तव्य? लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये हाच प्रश्न स्वतःला विचारला आणि कोणत्याही कॉलेजात न गेलेल्यांनाही पदवी परीक्षेची दारे उघडली. मुंबईने पदवीसाठी एवढी मोकळीक दिली नाही. तेथे संलग्न कॉलेजात हजेरी भरावीच लागे.

६/
मॅट्रिकच्या खालच्या पायरीवर आणखी एक परीक्षा होती आणि सामान्य मराठी घरांच्या दृष्टीने तीच खरी महत्त्वाची. मराठी सहावी इयत्ता झाल्यावर द्यायची ही सरकारी परीक्षा लोकांच्या तोंडी ‘मुलकी परीक्षा’ म्हणून होती. ती उतरलेल्याला शाळाखात्यात मास्तरकी किंवा कचेरीत कारकुनी मिळण्याचा संभव असे. कोकणातल्या गरीब घरांत ‘मुलगा मुलकी झाला’ या वाक्याला केवढा अर्थ होता, हे आज समजावून सांगणे कठीण.

७/
दापोलीजवळच्या मुरूड गावातील एक मुलगा या परीक्षेच्या तयारीला लागला होता. धोंडो केशव कर्वे. जन्म १८ एप्रिल १८५८. गावच्या शाळेत सोमण गुरुजींसारखा कळकळीचा शिक्षक लाभला, तयारी झाली. परंतु मुरूडला परीक्षाकेंद्र नव्हते. पावसाळ्याचे दिवस, समुद्रमार्ग बेभरवशाचा. मग १८७५ मध्ये धोंडो आणि त्याचे सोबती साताऱ्याला पायी निघाले. भर पावसात, कुंभार्ली घाट चढून, चार दिवस. अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे १७७ किलोमीटर. नाशिक ते मुंबई एवढेच.

८/
साताऱ्यात परीक्षासमितीसमोर उमेदवार उभे राहिले. परीक्षेला बसण्यासाठी वयाची सतरा वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते. धोंडोला सतरावे सरले होते, पण अंगाने तो किरकोळ, चेहऱ्याने लहान. समितीच्या अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिले, आणि हा मुलगा सतरा वर्षांचा असणे शक्य नाही असे ठरवून टाकले. बसू दिले नाही. व्याकरण विचारले नाही, गणित घातले नाही. जे चार दिवस चालून आले होते त्याची तपासणी झालीच नाही. तपासणी झाली ती चेहऱ्याची.

९/
कर्व्यांनी आपल्या ‘आत्मवृत्त’ या पुस्तकात हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. चरित्रांत तो बहुधा चिकाटीचा धडा म्हणून येतो : पाहा, एवढे चालले, परत आले, तरी खचले नाहीत. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन ते ती परीक्षा उतरले, हे खरे. परंतु मला या प्रसंगातली दुसरी बाजू अधिक बोलकी वाटते. अभ्यास पुरा असूनही उमेदवार परीक्षेच्या बाहेर राहू शकतो. परीक्षेच्या आधी एक परीक्षा असते. तिचे विषय म्हणजे वय, दाखला, शिफारस, सही; आणि तिची तयारी कोणताही मास्तर करून घेत नाही. जो नियमितपणे शाळेत जातो त्याच्या वतीने ही परीक्षा शाळेचा कारकून देऊन टाकतो. जो बाहेरचा आहे त्याला ती स्वतःच द्यावी लागते.

१०/
कर्वे मॅट्रिक झाले १८८१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी. आजच्या हिशेबाने सात वर्षे उशिरा. पण हा उशीर अपवाद समजू नका. एकोणिसाव्या शतकातल्या मॅट्रिकच्या वर्गांत मिसरूड फुटलेले, लग्न झालेले, मधली वर्षे मास्तरकी करून पैसे जमवलेले विद्यार्थी सर्रास असत. ‘पंधराव्या वर्षी दहावी’ ही सरळ रेषा फार अलीकडची आहे. (आणि ‘मॅट्रिक नापास’ हीसुद्धा पाटीवर मिरवण्याजोगी पात्रता होती, हे आजीआजोबांना विचारून पाहा.)

११/
मुलींची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी बराच काळ परीक्षेचे दारच नव्हते. घरी कितीही शिका. मुंबई विद्यापीठाने स्त्रियांना परीक्षांस बसण्याची मोकळीक दिली ती १८८३ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर सव्वीस वर्षांनी. पुण्यात मुलींचे हायस्कूल, म्हणजे आपली हुजूरपागा, निघाले १८८४ मध्ये. वर्षे नीट पाहा : परीक्षा आधी खुली झाली, शाळा नंतर आली. या दोहोंच्या मधल्या काळातील मुलीला घरी किंवा मिशनच्या शाळेत जे मिळेल तेवढ्यावरच तयारी करणे भाग होते.

१२/
कॉर्नेलिया सोराबजी ही त्या पिढीतली. जन्म १८६६, नाशिक. पारशी धर्मांतरित पाद्री वडील, शाळा चालवणारी आई. शिक्षण काही घरी, काही मिशनच्या शाळांत. मॅट्रिक होऊन ती डेक्कन कॉलेजात गेली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली. पुढे ऑक्सफर्डला १८९२ मध्ये तिने कायद्याची, बी.सी.एल.ची परीक्षा दिली. तिला बसू द्यावे म्हणून विशेष ठराव करावा लागला होता. परीक्षा झाली. पदवी मात्र मिळाली १९२२ मध्ये, कारण ऑक्सफर्ड १९२० पर्यंत स्त्रियांना पदव्याच देत नव्हते. उत्तरपत्रिका आणि प्रमाणपत्र यांच्यामध्ये तीस वर्षे.

१३/
आता पुन्हा कर्व्यांकडे, कारण साताऱ्याच्या दारावरून परतलेला तो मुलगा मोठेपणी स्वतःच परीक्षा घेणारा झाला. १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम, पुढे हिंगण्याला महिला विद्यालय. हिंगण्याच्या विधवा विद्यार्थिनींना मॅट्रिकला बसवायचे म्हणजे इंग्रजी माध्यमाशी झुंजायचे. जी बाई विसाव्या वर्षी अक्षरओळखीपासून सुरुवात करते तिने इतिहास-भूगोलसुद्धा इंग्रजीत का लिहावा? याच सुमारास टोकियोच्या महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली, आणि १९१६ मध्ये त्यांनी भारतीय महिला विद्यापीठ काढले. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा सक्तीचा विषय, आणि प्रवेश परीक्षा स्वतःची. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक वाटेत नको.

१४/
या विद्यापीठाने बाहेरून परीक्षा देणाऱ्या स्त्रियांना जागा दिली. संसार सांभाळून, दुपारच्या वेळी पाटपाणी आवरून अभ्यास करणाऱ्या कितीतरी स्त्रिया या वाटेने परीक्षेला बसल्या. आज आपण ज्याला दूरशिक्षण म्हणतो त्याची ही घरगुती आवृत्ती होती. किंमतही मोजावी लागली : सरकारदरबारी या विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळायला १९५१ साल उजाडले. तोवर पस्तीस वर्षे या पदवीची सरकारी किंमत काय, हा प्रश्न विद्यार्थिनींच्या पाठीशी होताच. दार आपण नवे बांधू शकतो. पण त्या दारातून बाहेर पडणाऱ्याला जग ओळखेल की नाही हे आपल्या हाती नसते. होमस्कूलिंगचा विचार करणाऱ्या आजच्या पालकांनाही याच प्रश्नाला तोंड द्यावे लागते.

१५/
बाहेरून शिकण्याचे माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण अनुताई वाघ यांचे. जन्म १९१०. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आयुष्य तेथेच मिटायचे. अनुताई शिकल्या, व्हर्नाक्युलर फायनल झाल्या, शिक्षिका झाल्या. पहिली काही वर्षे नाशिक जिल्ह्यातल्या ग्रामीण शाळेत आणि मग हुजूरपागेत. दिवसा शिकवायचे, रात्री रात्रशाळेत शिकायचे, असे करून त्या १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या, सत्ताविसाव्या वर्षी. बी.ए. झाल्या १९६१ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी.

१६/
या दोन परीक्षांच्या मधल्या काळात त्यांनी काय केले, ते या धाग्याच्या दृष्टीने अधिक मोलाचे. १९४५ पासून ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला, पुढे कोसबाडच्या टेकडीवर. वारली पाड्यांवरची मुले शाळेत येत नव्हती. कुणी गुरे राखी, कुणी धाकटे भावंड सांभाळी. तेव्हा मुलांना शाळेत ओढून आणण्याऐवजी शाळाच त्यांच्याकडे गेली : अंगणात भरणारी अंगणवाडी, आणि गुरे चरतात त्या माळावर भरणारी कुरणशाळा. कोसबाडचा डोंगर आणि सुरगाण्याचा डोंगर एकाच सह्याद्रीच्या कुशीतले. वारली आणि कोकणा ही माणसे दोन्हींकडची. सुरगाणा तेव्हा डांगच्या सीमेवरचे एक छोटे संस्थान होते. १९४८ मध्ये ते विलीन होऊन नाशिक जिल्ह्यात आले. पेठ-सुरगाण्याच्या बाजूला दादासाहेब बिडकरांच्या डांग सेवा मंडळाने आश्रमशाळांची वाट धरली. तेथे मूल घर सोडून शाळेत राहायला येते. कुरणशाळेत शाळा मुलामागे जाते. दोन टोकांचे दोन उपाय.

१७/
स्वातंत्र्यानंतर खिडकीवरची पाटी बदलली. १९४८ च्या कायद्याने शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून निघून मंडळाकडे आली; मॅट्रिक गेली, एस.एस.सी. आली. ती अकरावीला होती. १९७५ मध्ये नव्या आकृतिबंधाप्रमाणे दहावीला आली. बाहेरून बसणाऱ्यांची सोय टिकून राहिली. तिचे आजचे नाव अगदीच रुक्ष आहे : फॉर्म नंबर १७. परंतु महाराष्ट्रात हे नाव ठाऊक नसलेले गाव सापडणे कठीण. ‘सतरा नंबर भरलाय’ म्हटले की पुढचे विचारावे लागत नाही.

१८/
घरी शिकणाऱ्याच्या बाजूने घडलेली एक गोष्ट मात्र इतिहासात फारशी मोजली जात नाही : बालभारती. १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले आणि हळूहळू राज्यभर एकच पुस्तक आले. एकच पुस्तक असावे की नाही यावर शिक्षणतज्ज्ञ भांडत राहोत. बाहेरच्या उमेदवाराला मात्र त्याचा केवढा आधार! परीक्षक ज्या पुस्तकातून पेपर काढणार तेच पुस्तक स्वस्तात आपल्या हाती. आता तर ते भ्रमणध्वनीवर फुकट उतरवून घेता येते. जोडीला जुन्या प्रश्नपत्रिका आणि ‘२१ अपेक्षित’. घोकंपट्टीचे प्रतीक म्हणून त्या संचाला नावे ठेवण्याची पद्धत आहे. मीही ठेवली आहेत. पण ज्याला कुणीच पेपरचे रूप समजावून सांगितलेले नाही, त्याच्या दृष्टीने तो संच म्हणजे परक्या गावचा नकाशा असतो.

१९/
घरी शिकलेल्या मुलाला खरी अडचण येते ती ज्ञानाची नव्हे, रीतीची. तीन तास सलग हाताने लिहायचे, गुणांच्या मापाने उत्तर आखूड-लांब करायचे, नकाशात नेमके तेवढेच भरायचे, एका प्रश्नात अडकून न पडता पुढे सरकायचे. वर्गातल्या मुलाला ही सवय घटक चाचणी, सहामाही, सराव परीक्षा करता करता नकळत लागते. घरी ती मुद्दाम लावावी लागते. घड्याळ लावून, अनोळखी माणसाच्या देखरेखीखाली, जुन्या प्रश्नपत्रिका पूर्ण सोडवून घेणे, यापलीकडे त्याला उपाय नाही. आणि हे नववीच्या वयापासून सुरू करावे लागते, जानेवारीत नव्हे.

२०/
आणि मग येतात ते वीस गुण. दहावीच्या पेपरात लेखी ऐंशी आणि तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत वीस, अशी विभागणी आहे. ऐंशी गुण तिऱ्हाईत परीक्षक देतो. वीस गुण शाळा देते. या विसांची ताकद किती? मार्च २०१९ च्या परीक्षेत भाषा व सामाजिक शास्त्रांचे हे गुण काढून टाकले गेले, तेव्हा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षापासून ते परत आणले. आता ज्याला शाळाच नाही त्याला हे वीस गुण कोण देणार? त्यासाठी प्रत्येक खासगी विद्यार्थ्याला एक शाळा ‘संपर्क केंद्र’ म्हणून नेमून दिली जाते. तेथे जाऊन त्याने प्रात्यक्षिके करायची, तोंडी परीक्षा द्यायची, वह्या सादर करायच्या. केंद्राची पायरी न चढता फक्त पेपरला उगवलेला मुलगा हुशार असला तरी पहिल्याच पावली मागे पडतो. खासगी विद्यार्थ्यांचा निकाल दरवर्षी नियमितांपेक्षा बराच खाली असतो, त्यामागे हेही एक कारण असावे असे मला वाटते.

२१/
फॉर्म नंबर १७ मागतो काय? शाळा सोडल्याचा मूळ दाखला, तो नसेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र, आधारकार्ड, छायाचित्र. पहिल्या ओळीपाशी थांबा. ‘शाळा सोडल्याचा’. म्हणजे हा फॉर्म शाळा सुटलेल्यांसाठी आहे, असे त्याने गृहीत धरले आहे. जे मूल कधी शाळेत गेलेच नाही त्याने सोडल्याचा दाखला आणायचा कुठून? आपल्या शिक्षणहक्क कायद्यातही घरी शिकणाऱ्या मुलाला नाव नाही. परवानगी नाही आणि स्पष्ट बंदीही नाही.

२२/
या पेचावर दुसरी वाट निघाली ती दिल्लीहून. १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय स्थापन झाले. आज त्याला एन.आय.ओ.एस. म्हणतात. माध्यमिक परीक्षेसाठी वय चौदा पूर्ण हवे, पाच विषय हवेत. आधीच्या शाळेचा कागद नसला तरी ‘हा अभ्यासक्रम झेपेल इतके मी शिकलो आहे’ असे स्वतःचे निवेदन चालते. नोंदणी पाच वर्षे टिकते, नऊ संधी मिळतात, सुटलेल्या विषयाचे श्रेय जमा राहते. शहरातील होमस्कूलिंग करणारी बहुतेक कुटुंबे म्हणूनच ही वाट धरतात. त्याच १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झाले आणि बारावी नसलेल्यांना ‘पूर्वतयारी’च्या पायरीवरून पदवीकडे नेऊ लागले. महाराष्ट्राचे स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळ यायला मात्र त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे जावी लागली.

२३/
‘परीक्षाच कशाला हवी?’ असे विचारणाऱ्यांना एक अलीकडची गोष्ट सांगावीशी वाटते. मुंबईतील एका मराठी मुलीला आईने सातवीनंतर शाळेतून काढून घरी शिकवले. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळवली. आपल्या आय.आय.टी.ला तिला घेता येईना, कारण बारावीचा कागद नव्हता. २०१६ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी.ने तिला प्रवेश दिला. ही गोष्ट ‘शाळा निरुपयोगी आहे’ याचा पुरावा म्हणून सांगितली जाते. मला ती उलट वाचावीशी वाटते. कागदाशिवाय आत जाण्यासाठी तीन जागतिक पदके लागली. ज्याच्याजवळ ती नाहीत, त्याला पस्तीस टक्क्यांचा का होईना, कागदच लागतो.

२४/
आता सुरगाण्यात परत येऊ. येथे पाऊस भरपूर, पण शेती एका पिकाची. भात, नागली, वरई. ती निघाली की हाताला काम नाही. मग कुटुंबे खाली उतरतात, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीपासून ते थेट काढणी संपेपर्यंत. मोठी मुले मजूर म्हणून जातात, लहान त्यांच्यामागे. आश्रमशाळेत राहिलेली टिकतात. मधेच सुटलेली पुढे कधीतरी फॉर्म नंबर १७ च्या वाटेला लागतात.

२५/
त्यांच्या दाखल्यावरची जन्मतारीख एकदा पाहण्यासारखी असते. महाराष्ट्राच्या कुठल्याही ग्रामीण भागात जा, एका मोठ्या संख्येने माणसे १ जूनला जन्मलेली आढळतील. मूल घरी जन्मले, नोंद झाली नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने वर्ष धरले आणि जूनची पहिली तारीख लिहून टाकली. धोंडो कर्व्यांचे खरे वय साताऱ्यात खोटे ठरले. येथे अंदाजाची तारीख कागदावर आली आणि आयुष्यभरासाठी खरी झाली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम १४ सांगते की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही. ते प्रवेशाच्या दारावर लागू आहे. दहावीच्या खिडकीवर दाखला लागतोच.

२६/
तेव्हा सुरगाण्यातल्या, किंवा कुठल्याही, घरी शिकणाऱ्या मुलाला दहावीला बसवायचे असेल त्याने पंचांग उघडून बसावे. सतरा नंबरचा फॉर्म निघतो तो साधारण पावसाळ्यात, म्हणजे भाताच्या आवणीच्या दिवसांत, जेव्हा घरातला एकही हात रिकामा नसतो. संपर्क केंद्रात चकरा मारायच्या त्या छाटणीनंतर, कुटुंब बागेवर असताना. लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, द्राक्षांची काढणी ऐन भरात असते तेव्हा, आणि मजुरीही त्याच दिवसांत हाती येते. शेवटच्या शाळेचा दाखला आणायला एक दिवस, प्रतिज्ञापत्राला एक दिवस, केंद्रावर नाव लागले का पाहायला एक दिवस. प्रत्येक दिवसाचा एक रोज बुडतो. तो कुणी भरून द्यायचा हे जून महिन्यातच घरात ठरवून ठेवावे लागते. दाखला तर आवणीला हात घालण्याआधीच आणून ठेवावा.